पिवळा पडलेला हेडलाइट: सोलापूरच्या एका गाडीचं प्रकरण

गाडी माझ्या मामांची. २०१२ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक, रनिंग फार नाही, इंजिन ठणठणीत. मामांनी पासष्टी ओलांडली आहे. राहायला सोलापुरात आणि शेती वैरागच्या अलीकडे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की मोटर चालू करून घरी परतायला त्यांना दहा-साडेदहा होतात. बार्शी रस्त्यावर शहर मागे पडलं की दिव्याचे खांबही मागे पडतात. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असेलच असं नाही. असला तरी चिखलानं माखलेला किंवा पाचटाखाली झाकलेला. अशा रस्त्यावर हेडलाइट कमी पडला तर काय होऊ शकतं, हे त्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मामांची तक्रार मात्र हेडलाइटबद्दल नव्हती. "समोरून गाडी आली की मला रस्त्याची कडाच दिसत नाही रे. डोळे गेले वाटतं," असं ते म्हणायचे. डोळे तपासून झाले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण ऑपरेशन लागण्याइतकी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग कुणीतरी बल्ब बदलायला सुचवलं. इलेक्ट्रिशियननं कंपनीचे ६०/५५ वॉटचे बल्ब काढून १००/९० वॉटचे बसवले. शेजारच्यांनी टूथपेस्टनं काचा घासून दिल्या. त्या आठवडाभर बऱ्या दिसल्या आणि पुन्हा होत्या तशा झाल्या. शेवटी एका गॅरेजनं दोन्ही हेडलाइट अख्खे बदलायला सांगितले आणि मामांनी तो विषय सोडून दिला. रात्री गाडी चालवणंच बंद करावं, इथपर्यंत त्यांच्या मनात आलं होतं.

यातला कुठलाच सल्ला अगदी टाकाऊ नव्हता. पण काच नेमकी कुठे खराब झाली आहे, बाहेरून, आतून की बल्बमागच्या, प्रकाश पुढे फेकणाऱ्या आरशात, हे कुणीच पाहिलं नव्हतं. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी ते पाहावं लागतं.

आधी निदान

गाडीसमोर उभं राहिल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरली ती ही, की दोन्ही हेडलाइट सारखे खराब नव्हते. डावा धुरकट होता, दुधाचा हात फिरल्यासारखा. उजवा मात्र पिवळाजर्द, आणि वरच्या कडेला त्याचे पापुद्रे सुटलेले. कारण गाडीत नव्हतं, अंगणात होतं. गाडी नेहमी दक्षिणेकडे तोंड करून लागते. म्हणजे समोरून दिवसभर ऊन आणि दुपार कलली की उजव्या बाजूवर पश्चिमेचं थेट ऊन. डाव्या बाजूला घराच्या भिंतीची सावली येते. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं अनुभवला आहे त्याला यापुढचं समजावून सांगावं लागणार नाही.

नखानं चाचपून पाहिलं. डाव्या काचेवर नख सरळ घसरलं. उजव्या काचेवर ते ठिकठिकाणी अडकत होतं, जुन्या कोटाच्या कडांवर.

मग पाण्याची चाचणी. धुऊन पुसलेल्या काचेवर पाणी शिंपडायचं आणि ओली असतानाच बघायचं. ओली झाल्यावर काच स्वच्छ दिसली तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी त्या बारीक ओरखड्यांमध्ये भरतं आणि प्रकाश विखुरणं तेवढ्यापुरतं थांबतं. ओली करूनही धुकं तसंच राहिलं, तर ते आतून आहे किंवा प्लास्टिकला खोलवर चिरा गेल्या आहेत. मग बाहेरून कितीही घासा, हाती फारसं काही लागत नाही. डावी काच पाण्यानं लख्ख झाली. उजवीही बरीच उजळली, पण आत खोलवर एक तपकिरी झाक तशीच राहिली.

ती झाक काय आहे हे मागून बल्ब काढल्यावर कळलं. उजव्या हेडलाइटच्या आतल्या आरशावर, बल्बच्या बरोबर वर, करपल्यासारखा डाग होता आणि बल्बच्या सॉकेटचं प्लास्टिकही तपकिरी पडलं होतं. १००/९० च्या बल्बची ही करामत. त्या हेडलाइटचा आरसा, सॉकेट आणि वायर हे सगळं ६०/५५ वॉटच्या उष्णतेचा हिशेब धरून बनवलेलं असतं. असे जास्त वॉटचे बल्ब बऱ्याचदा पाकिटावर ऑफ-रोड वापरासाठी असं छापूनच विकले जातात. ते पाकीट वाचतं कोण? डाव्या बाजूचा आरसा सुदैवानं अजून चकचकीत होता.

म्हणजे घासायला सुरुवात करण्याआधीच हे ठरलं होतं की डावा हेडलाइट जवळपास नव्यासारखा होईल आणि उजवा सुधारेल, पण पूर्ण नाही. हे मी मामांना तेव्हाच सांगितलं. नंतर सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती.

काच पिवळी का पडते

अँबॅसिडर आणि पद्मिनीचे गोल हेडलाइट खऱ्या काचेचे होते. ते फुटायचे, पण पिवळे पडत नव्हते. आजच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं, हवा तो आकार घेणारं, आणि खडी उडून लागली तरी सहसा न फुटणारं. त्याच्या दोन खोडी आहेत. ते मऊ आहे, लवकर ओरखडतं. आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याची रासायनिक साखळी तुटते, ते पिवळं पडतं. या दोन्हींवर उपाय म्हणून कारखान्यातच त्यावर एक पारदर्शक कडक कोट चढवलेला असतो, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ.

खरा बिघाड या कोटाचा होतो. वर्षानुवर्षांच्या उन्हानं, धुळीनं आणि कोरड्या फडक्यानं पुसण्यानं तो झिजतो, तडकतो, पापुद्रे धरतो. कोट गेला की खालचं पॉलिकार्बोनेट उघडं पडतं आणि मग पिवळेपणा झपाट्यानं वाढतो. तरीही ही हानी अगदी वरच्या थरातच असते. खालचं प्लास्टिक स्वच्छच असतं. म्हणून हे काम घरी करता येतं.

धुरकट काचेनं नुसता प्रकाश कमी होत नाही, तो भरकटतो. डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडण्याऐवजी काचेच्या धुक्यातून चहूकडे उधळतो. तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याला वाटतं तुम्ही अप्परवर आहात; मग तोही चिडून अप्पर मारतो. मामांना समोरच्या गाड्यांचा जो त्रास होत होता, त्यातला काही भाग हा असणार. त्यात वय झालं की डोळ्याची बाहुली अंधारात तरुणपणी उघडायची तेवढी उघडत नाही, म्हणजे आधीच कमी असलेला प्रकाश डोळ्यात आणखी कमी पोहोचतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ साली केलेल्या चाचण्यांत खराब झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश मिळत असल्याचं आढळलं होतं. काच घासून दुरुस्त केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला. पूर्ण नाही, पण उसाची ट्रॉली वेळेत दिसणं आणि न दिसणं यातला फरक एवढ्यानंही पडतो.

घरगुती उपायांबद्दल

टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती बारीक खरवड असते. हलक्या धुरकटपणावर ती वरवर चमक आणते, पण पिवळा थर काढण्याची ताकद तिच्यात नाही. नुकसान करत नाही, एवढंच तिच्याबाबत म्हणता येईल.

डास दूर ठेवायला अंगावर मारायच्या स्प्रेचं मात्र तसं नाही. त्याचे व्हिडिओ फार फिरतात: फवारा मारला, पुसलं, काच लख्ख. अशा बऱ्याच स्प्रेंमध्ये डीट नावाचं जे रसायन असतं ते पॉलिकार्बोनेट विरघळवतं. वरचा थर मऊ होऊन सपाट होतो आणि म्हणून चकाकतो. काही दिवसांत तोच पृष्ठभाग चिकट, मग तडकलेला होतो, आणि ओघळ बंपरच्या रंगावर गेला तर तोही जातो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचंही तेच. या काचेला यातलं काहीही लावू नये.

घासकाम

दिवाळीनंतरचा कोरडा आठवडा निवडला आणि गाडी सकाळी सावलीत घेतली. काच थंड असावी लागते. नुकती फिरून आलेली गाडी चालत नाही. सामान हार्डवेअरच्या आणि गाडीच्या पेंटच्या दुकानात मिळतं: ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचे पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), चांगला मास्किंग टेप, बादलीभर पाण्यात थोडा शाम्पू, एक फवारणीची बाटली, मायक्रोफायबरची फडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. वॉटर पेपर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं आधी भिजवून ठेवायचे, म्हणजे त्यांच्या कडा मऊ होतात आणि खोल ओरखडा पडत नाही.

टेप लावताना कंजूषपणा करू नये. बोनेट उघडून त्याची कड, बंपर आणि फेंडर यांवर दोन-दोन थर लावले. ६०० चा पेपर एकदा घसरला तर गाडीचा रंग जातो, आणि तो खर्च हेडलाइटच्या खर्चाहून मोठा.

डाव्या काचेला १००० पासून सुरुवात पुरली. उजवीवर ६०० लागला. तिथे जे दिसतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बहुतेक लोक नेमके इथेच थांबतात. पेपर फिरू लागला की आधी पिवळसर पाणी सुटतं. मग जुना कोट तुकड्यातुकड्यानं निघतो आणि काचेवर नकाशासारख्या कडा उमटतात: एका बाजूला उघडं प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला चिकटून राहिलेला कोट. काच आधीपेक्षा वाईट दिसते. माणूस घाबरतो आणि बारीक नंबरवर उडी मारतो. तसं केलं तर त्या कडा शेवटपर्यंत राहतात आणि नवा कोट मारल्यावर जास्तच उठून दिसतात. ६०० नंबरवरच थांबून, कडांचा मागमूस जाईपर्यंत आणि पाणी पिवळं सोडून पांढरं येईपर्यंत घासत राहावं लागतं. उजव्या काचेचा बराचसा वेळ याच एका पेपरवर गेला. फेंडरला लागून जी काच वळते, त्या वळणावर बोटानं पेपर धरून वेगळं घासावं लागलं. हाताचा तळवा तिथे पोहोचत नाही आणि पिवळी किनार राहून जाते.

पुढच्या प्रत्येक नंबराला दिशा बदलायची. ६०० आडवा, ८०० उभा, १००० परत आडवा. म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे आडवे येतात आणि ते संपले की नाही हे डोळ्यांना कळतं. प्रत्येक टप्प्यानंतर काच धुऊन, पूर्ण कोरडी करून तिरप्या उजेडात बघायची. ओली काच फसवते. ती नेहमीच चांगली दिसते. कोरड्या काचेवर सगळीकडे एकसारखा मॅटपणा दिसला तरच पुढचा नंबर. पाणी आणि फडकं दर टप्प्याला बदललं, कारण जाड पेपरचा एक कण बारीक पेपरखाली अडकला की तो नवी रेघ ओढतो.

२००० नंतर काच दुधी, मऊ आणि एकसारखी झाली. मामा खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "होती त्यापेक्षा पांढरी केलीस की रे." त्यांना फवारणीच्या बाटलीनं पाणी मारून दाखवलं. पाणी पसरलं आणि आतला बल्ब, आरसा, सगळं आरपार दिसू लागलं. कोट चढल्यावर हेच कायमचं दिसणार होतं.

कोट, म्हणजे खरं काम

इथून पुढे दोन रस्ते आहेत. बहुतेक जण पहिला घेतात: ३००० चा पेपर, मग रबिंग कंपाऊंडनं बफिंग, काच चमकली की झालं. फोटो उत्तम येतो. पण आपण नुकताच कारखान्याचा उरलासुरला कोट स्वतःच्या हातानं खरवडून टाकलेला असतो. आता उन्हाला अडवायला काहीच नाही. अशी काच पुन्हा काही महिन्यांत पिवळी पडायला लागते, आणि पहिल्यापेक्षा लवकर. त्यावर वॅक्स किंवा सीलंट लावलं तर थोडी मुदत वाढते, पण ते दर दोन-तीन महिन्यांनी लावत राहावं लागतं. गाडी बंद गॅरेजात राहत असेल आणि मालक हौशी असेल तर हे चालेल. मामांची गाडी उघड्या अंगणात उन्हात उभी राहते आणि दर दोन महिन्यांनी काचा चोळणं त्यांच्याकडून होणार नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरा रस्ता: अतिनील किरणांना रोखणारा टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक पेंट. तो नीट बसला तर काही वर्षं टिकतो.

हा टप्पा मी घरी केला नाही आणि कुणी करू नये असं माझं मत आहे, योग्य मास्क नसेल तर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल याला अडवत नाही. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे स्प्रे गन आणि कार्ट्रिजचा मास्क होता. टेप लावलेली, घासून तयार गाडी त्याच्याकडे नेली. घासकाम घरी झाल्यामुळे त्याला फक्त गन चालवायची होती आणि पैसेही त्यानं तेवढेच घेतले.

त्याच्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरला. पहिली, फवारण्याआधी काच थिनरनं पुसायची नाही. पत्र्यावर पेंट मारणाऱ्याचा हात सवयीनं थिनरच्या फडक्याकडेच जातो, पण पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक चिरा जातात. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल सोबत नेलं होतं, त्यानंच पुसलं आणि नंतर काचेला बोट लावलं नाही. दुसरी, पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा. क्लिअरमध्येही थिनर असतोच. पहिलाच हात ओला मारला तर तो थिनर प्लास्टिकमध्ये मुरून तेच नुकसान करतो. हलका हात दहा मिनिटं सुकू दिला, मग एक भरीव ओला हात. त्या दुसऱ्या हाताला दुधी काच गनच्या मागोमाग पारदर्शक होत गेली. रात्रभर गाडी तिथेच झाकलेल्या जागी ठेवली आणि पुढचा आठवडा काचांना शाम्पू लावायचा नाही असं मामांना बजावलं.

बल्ब आणि झोत

काच स्वच्छ झाली म्हणजे झोत योग्य जागी पडेल असं नाही. आधी दोन्हीकडे परत ६०/५५ चे एच-४ बल्ब बसवले, बल्बच्या काचेला बोट न लावता. हाताचं तेल लागलं तर हॅलोजन बल्ब लवकर जातो. उजवं सॉकेट बदललं. मग इंजिन चालू ठेवून बल्बच्या पिनांपाशी मीटर लावून व्होल्टेज पाहिलं. ही तपासणी फार कमी जण करतात, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजवर विलक्षण अवलंबून असतो: पाच टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर प्रकाश साधारण सोळा टक्के घटतो. डाव्या बाजूचा अर्थिंगचा जोड गंजला होता. तो घासून घट्ट केल्यावर दोन्हीकडे सारखं व्होल्टेज आलं.

झोताची उंची अंधार पडल्यावर भिंतीवर जुळवली. टायरमध्ये हवा बरोबर, जमीन सपाट, चालकाच्या जागी माणूस, डॅशबोर्डवरची झोत वर-खाली करायची चकती शून्यावर. गाडी भिंतीला खेटून उभी करायची आणि हेडलाइटच्या मध्यांची उंची टेपनं भिंतीवर आखायची. मग सरळ पाच मीटर मागे यायचं. डिपरची वरची कड त्या रेषेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली यावी, आणि डावीकडे ती थोडी वर चढावी, म्हणजे रस्त्याची डावी कड उजळते आणि समोरच्याच्या डोळ्यात झोत जात नाही. काम सुरू करण्याआधी याच भिंतीवर लाइट टाकून पाहिला होता, तेव्हा कडच नव्हती. नुसता पिवळट गोळा होता. आता डावीकडून आलेली कड रेघ मारल्यासारखी होती.

निकाल

डावा हेडलाइट नव्याच्या जवळ गेला. उजव्या काचेचा पिवळेपणा पूर्ण गेला, पण झोताचा गाभा डाव्यापेक्षा फिकट राहिला, आरशाच्या त्या करपलेल्या डागामुळे. काच उघडून आरशाला हात लावण्यात अर्थ नव्हता. त्यावरचा चांदीसारखा थर इतका नाजूक असतो की पुसायला गेलं तर डागासोबत तोही निघतो. त्यामुळे उजवा हेडलाइट बदलायचा हे ठरलं, पण एकच, आणि सवडीनं. साध्या बनावटीच्या स्वस्त हेडलाइटऐवजी कंपनीचाच घ्यावा असं मी सुचवलं आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन चाचण्यांत बाहेरच्या बनावटीचे हेडलाइट प्रकाशात आणि झोताच्या अचूकपणात कंपनीच्यापेक्षा मागे पडले होते.

दोन्ही काचांच्या दुरुस्तीचा मिळून खर्च एका नव्या हेडलाइटच्या किमतीपेक्षा कमी आला, त्यातही मोठा वाटा पेंटरचा. वॉटर पेपर, टेप आणि फडकी किरकोळ आहेत.

गाळप सुरू झाल्यावर मामा पुन्हा रात्रीचे शेतावर जाऊ लागले. समोरून येणाऱ्यांनी विनाकारण अप्पर मारणं बंद झालंय, असं ते म्हणाले. समोरच्या लाइटनं दिपणं पूर्ण गेलेलं नाही, तो मोतीबिंदूचा भाग आहे आणि त्यासाठी दर वर्षी डोळे दाखवायचं त्यांनी कबूल केलं आहे. गाडी आता उत्तरेकडे तोंड करून लावतात, म्हणजे समोरचं ऊन टळतं आणि पश्चिमेकडे येतो तो सुधारलेला डावा हेडलाइट. त्याच्यावर दुपारनंतर जुनं पांढरं धोतर टाकायचं काम मामींनी स्वतःकडे घेतलंय. पुढच्या उन्हाळ्यानंतर नखानं कोट चाचपून बघायचा आहे. नख कुठे अडकण्याआधीच काच धुरकट दिसू लागली तर २००० चा हलका हात आणि वर एक नवा कोट पुरेल, पुन्हा ६०० पर्यंत जावं लागणार नाही.